कासाराची गाठ

सांध्यांचा धडा मी दर वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर घेते. हाडं संपलेली असतात, स्नायू अजून यायचे असतात, आणि वर्गातल्या निम्म्या मुली घरच्या आठवणीने एकदा तरी रडून झालेल्या असतात. घोडबंदर रोडवरच्या एका नर्सिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते. वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात माणसाच्या शरीरात एकही नवा सांधा निघालेला नाही, त्यामुळे माझी वही तीच आहे, फळ्यावरची आकृती तीच आहे, आणि मुली कुठे जांभई देणार हेही मला पाठ आहे.

दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा, मग तो हलो किंवा न हलो. इथून मी सुरुवात करते. न हलणारा सांधा ही गोष्ट मुलींना पटत नाही. मग मी त्यांना स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायला सांगते. कवटीची हाडं एकमेकांत अशी शिवलेली असतात की ती शिवण आयुष्यभर उसवत नाही. दात आणि जबडा यांचाही सांधाच असतो, हे ऐकून पुढच्या बाकावरची एखादी मुलगी जीभ दातावरून फिरवून बघते. मग थोडेसे हलणारे सांधे, पाठीच्या मणक्यांमधले, ज्यांच्यात कूर्चेची गादी असते. आणि शेवटी मोकळेपणाने हलणारे, ज्यांच्यात पोकळी असते, पोकळीत वंगण असतं, आणि आपण ज्यांना एरवी सांधे म्हणतो ते हेच.

परीक्षेत दर वर्षी एकच घोटाळा होतो. सांध्यांची वर्गवारी दोन प्रकारे करतात. मध्ये काय भरलंय त्यावरून एक, आणि हालचाल किती होते त्यावरून दुसरी. मुली दोन्हींची खिचडी करतात. मी लाल पेनाने तेच वाक्य साठ वेळा लिहिते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा साठ वेळा.

मोकळ्या सांध्यांचे प्रकार मात्र त्यांना आवडतात, कारण ते घरात सापडतात. कोपर दाराच्या बिजागरीसारखं, एकाच दिशेने उघडणारं. खांदा उखळीत बसवलेल्या गोळ्यासारखा, सगळीकडे फिरणारा. मान खुंटीभोवती फिरणारी. मनगटातली लहान हाडं एकमेकांवर नुसती सरकणारी. शेवटी येतो खोगिरी सांधा, अंगठ्याच्या मुळाशी. खोगीर कुणीच पाहिलेलं नसतं. म्हणून मी डब्यातून दोन वाकड्या बटाटा वेफर आणते आणि एकीवर दुसरी आडवी बसवून दाखवते. पुढेमागे हलते, डावीउजवीकडे हलते, पण निसटत नाही. हा सांधा आहे म्हणून अंगठा तळहातावरून आडवा होऊन करंगळीपर्यंत पोचतो. हा नसता तर पेन धरता आलं नसतं, सुईत दोरा ओवता आला नसता, सुई टोचायचीही नोकरी मिळाली नसती, असं मी म्हणते. मुली हसतात. वेफर मी खाऊन टाकते.

हा नसता तर बांगडी भरता आली नसती, हे मी वीस वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. माझी आई कासारीण आहे.

कल्याणला पार नाक्याच्या बाजूला आमचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील गल्ल्यावर बसायचे आणि आई हात हातात घ्यायची. वडील गेल्यावरही तिने काम सोडलं नाही. कासारणीच्या हाताला विधवापण लागत नाही, असं ती म्हणायची, आणि तिला कुणी उलट बोलल्याचं मला आठवत नाही. लग्नसराईत ती पेटी घेऊन बाहेर जायची. दिवा स्टेशनच्या आसपासच्या आगरी गावांतून तिला खास बोलावणं यायचं. तेव्हा तिथे खाडीपर्यंत शेतं आणि मिठागरं होती. आता जिकडेतिकडे चाळींवर चाळी आणि इमारतींवर इमारती आहेत, आणि मी कॉलेजच्या बसमधून त्या बाजूला पाहिलं तर एकही गाव ओळखता येत नाही. एका लग्नात आख्ख्या गावातल्या बायका हात पुढे करून रांगेने बसायच्या. मीठ ओढून ओढून त्यांचे पंजे रुंद झालेले. "हलू भर गो बाय," त्या म्हणायच्या, आणि आई हळूच भरायची. भरून झालं की प्रत्येक बाई, मग ती वयाने केवढीही असो, वाकून आईला नमस्कार करायची. मला लहानपणी याचा अभिमान वाटायचा. कॉलेजात गेल्यावर लाज वाटायला लागली, कारण मैत्रिणींच्या आया शाळेत किंवा बँकेत होत्या आणि माझी आई जमिनीवर बसून लोकांचे हात दाबत होती. ही लाज मी कुणाला बोलून दाखवली नाही, पण आईला ती कळली असणार. तिने मला बांगड्या भरायला शिकवायचं त्यानंतर बंद केलं.

तिची स्वतःची वर्गवारी होती. हात हातात घेतला की दोन क्षणांत ती ठरवायची. लोण्याचा हात, म्हणजे अंगठा आत घेतला की सगळा पंजा घडी होतो, सव्वादोन इंची लहान बांगडीही हसत जाते. लाकडी हात, म्हणजे बोटांची मुळं दबत नाहीत, तेल लावा, साबण लावा, वेळ द्या. आणि चोर हात. चोर हात दिसायला नाजूक असतो, बाई स्वतः लहान माप मागते, पण अंगठ्याचं मूळ ऐनवेळी आत जात नाही आणि बांगडी तिथेच अडते. चोर हाताला फसलेला कासार बांगडी फोडतो आणि बाईला रक्त काढतो. आईने कुणाचं रक्त काढल्याचं मी पाहिलं नाही. माझा हात चोर आहे, हे तिने मला सहा-सात वर्षांची असतानाच सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. आईच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी, मनगटाच्या जरा वर, हाड बाहेर आल्यासारखा उंचवटा होता. उजव्या हाताला मोठा. माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या सासूच्या, हाताला तसाच होता, आत्यालाही होता. आमच्या घरात त्याला कासाराची गाठ म्हणायचे. ती चांगली मानायचे. नवी सून घरात आली, तिने दहा-बारा वर्षं हात दाबले, की गाठ यायची, आणि मग म्हातारी माणसं म्हणायची, आता ही खरी आमची झाली. आईला गाठ आली तेव्हा आजीने तिला साडी घेतली होती, असं आई मोठ्या कौतुकाने सांगायची. गाठ दुखते हे सगळ्यांना माहीत होतं. दुखणार नाही तर काय, काम करतो आपण, एवढंच त्यावरचं उत्तर होतं. आणि मी, जी दर पावसाळ्यात दोन वेफर हातात घेऊन त्याच सांध्यावर पाऊण तास बोलते, तीही त्या गाठीला गाठच म्हणत आले. पुस्तकात सांधा झिजून मुळाशी चौकोनी झालेल्या अंगठ्याचा फोटो आहे. तो मी वर्गात फिरवते. आईचा हात त्या फोटोसारखा दिसतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. वर्गातली गोष्ट वर्गात आणि घरातली घरात, अशी माझी सवय.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती घोडबंदर रोडवरच्याच एका कंपनीत कामाला आहे, मुलगाही तिथलाच. लग्न मे महिन्यात, ठाण्याच्या एका हॉलमध्ये. ठरलं त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. तिने मुलाचं शिक्षण विचारलं नाही, घर विचारलं नाही. "चुडा मी भरणार," म्हणाली. "पोरीचा लोण्याचा हात आहे. सव्वादोनच्या घालीन. अशा बसतील की मनगटावर हलणार नाहीत."

त्या वेळी ती पंचाहत्तर वर्षांची होती आणि दुकान बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पेटी मात्र पलंगाखाली होती.

मार्चमध्ये ती आठ दिवस डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली, आणि तेव्हा मला दिसलं. तिला लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवता येत नव्हतं. दाराची किल्ली ती दोन्ही हातांनी धरून फिरवायची. ब्लाऊजचे हुक लावायला तिला वेळ लागायचा आणि ती मोरीचं दार बंद करून घ्यायची. एक दिवस पाण्याने भरलेला तांब्या तिच्या हातातून सुटला. ती तांब्याकडे बघत राहिली. मी चिडले, म्हणजे काळजी वाटली की मी चिडते, हा माझा जुना रोग आहे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिला ठाण्याला एका हातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी एक्सरे दिव्यावर लावला. मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. अंगठ्याच्या मुळाशी जी फट दिसायला हवी होती ती नव्हतीच. हाडावर हाड बसलं होतं, कडेने नवं हाड वाढलं होतं, आणि अंगठा आपल्या जागेवरून थोडा बाहेर सरकला होता. ती गाठ म्हणजे तो सरकलेला अंगठा. माझ्या आजीला साडी द्यावीशी वाटली ती ह्याच्यासाठी.

आईने एक्सरेकडे नीट पाहिलं नाही. तिने डॉक्टरांना एकच विचारलं. "मे महिन्यात नातीचा चुडा भरायचाय. जमेल का?"

डॉक्टर भले होते. सांधा आता पूर्वीसारखा होणार नाही, ते म्हणाले, पण लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी सांध्यात एक इंजेक्शन देता येईल. महिनाभर तरी दुखणं कमी राहील. एक चुडा भरण्यापुरतं चालून जाईल. साखर काही दिवस वाढेल, त्यावर लक्ष ठेवावं लागेल. तोवर अंगठ्याला पट्टा बांधा, विश्रांती द्या.

परत येताना माजिवड्याला रिक्षा पाऊण तास एका जागी उभी होती. ऊन काचेसारखं टोचत होतं. आई पट्टा बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. "मग ते इंजेक्शन घ्यायचं ना?" तिने विचारलं.

"साखर वाढते त्याने," मी म्हटलं.

"आठ दिवसांनी उतरेल, ते म्हणाले ना."

"बघू. आधी पट्टा तर नीट वापर."

साखरेचं कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मी थकले होते. पेपर तपासायचे होते, हॉलवाला रोज नवीन काहीतरी मागत होता, रजा संपत आल्या होत्या, आणि पुन्हा एकदा आईला कल्याणहून आणायचं, ठाण्याला न्यायचं, ह्याच माजिवड्याला अडकायचं, मग आठ दिवस तिची साखर तपासायची, हे सगळं मला त्या रिक्षात बसल्या बसल्या डोंगराएवढं वाटलं. तिच्यासाठी तो नातीचा चुडा होता. माझ्यासाठी ती यादीतली आणखी एक फेरी होती. हे आज लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तेव्हा असंच होतं.

आईने मात्र "बघू"चा वेगळाच अर्थ घेतला. पट्टा नीट वापरला की इंजेक्शनशिवायच अंगठा लग्नापर्यंत ठीक होईल, असं तिला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं तंतोतंत ऐकलं. पट्टा दिवसरात्र बांधला. डाव्या हाताने जेवायला तिला फार जड जायचं, म्हणून ती एकटी असतानाच जेवायची. भांडी घासायला बाई लावली. फोनवर मला रोज सांगायची, आज अजिबात वापरला नाही, आज साधी गाठसुद्धा मारली नाही, जपून ठेवलाय. मी हो हो म्हणायचे. झिजलेला सांधा जपून ठेवल्याने भरून येत नाही, उलट आखडतो, हे मला माहीत होतं. ते मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती इंजेक्शनचा विषय पुन्हा काढणार होती.

लग्नाला बारा दिवस राहिले तेव्हा मी चुडा भरायला बाहेरची बाई ठरवली. मुलीला सांगितलं. ती मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "पण मम्मी, आजी भरणार होती ना?"

"आजीचा हात दुखतो."

"तिला चालतंय का?"

"चालेल."

आईला सांगायला मी कल्याणला गेले. तिने चहा डाव्या हाताने गाळला, थोडा सांडला. मी एका दमात सांगून टाकलं. तुला त्रास नको, पाहुणे खूप आहेत, एवढ्या जणींचे हात तुला झेपायचे नाहीत, म्हणून बाई ठरवली आहे.

"बरं," आई म्हणाली. कप माझ्यापुढे ठेवत तिने विचारलं, "कुठली आहे?"

"माजिवड्याची."

"तिचा हात कसा आहे?"

"मला काय माहीत, आई."

"विचारायचं असतं," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पट्टाही सोडला नाही. मी निघताना तिने मुलीच्या मापाची, स्वतः निवडून ठेवलेली सव्वादोनची हिरव्या बांगड्यांची गुंडाळी माझ्या पिशवीत घातली.

चुडा लग्नाच्या दोन दिवस आधी सकाळी आमच्या घरी होता. बाई वेळेवर आली. तिशीतली, चटपटीत, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्रासारखं कार्ड, हातात दोन मोठ्या सुटकेस. तिने आईला बघितलं, पट्टा बघितला, आणि लगेच वाकून नमस्कार केला. "मावशी, तुम्ही आमच्यातल्याच ना? कळतं लगेच." आईला तेवढ्याने बरं वाटलं. ती खुर्चीत सरसावून बसली.

मी सव्वादोनची गुंडाळी पुढे केली. बाईने ती हातात घेऊन बाजूला ठेवली. "ताई, आजकाल अडीचच्याच घालतात. लग्न झालं की ऑफिसला काढाव्या लागतात ना. घट्ट बसल्या तर फोडाव्या लागतात, मग रडारड." मुलीनेही मान हलवली. मी आईकडे बघितलं नाही. बाईने मुलीच्या पंज्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि वरून बांगड्या सरकवल्या. एक, दोन, तीन, सगळ्या. अंगठ्याला आत घ्यावंच लागलं नाही. पाच मिनिटांत दोन्ही हात भरले. फोटो काढणाऱ्यांनी हात वर करायला सांगितला, तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत खाली घसरल्या. सगळ्या हसल्या. आईही हसली. नंतर तिने पदराने तोंड पुसलं, बराच वेळ.

मग बाकीच्या बायका बसल्या, आणि सगळ्यांत शेवटी मी, नवरीची आई. बाईने माझा हात घेतला आणि पिशवी चढवली. अडीचची बांगडी बोटांच्या मुळांवरून गेली आणि अंगठ्यापाशी अडली. तिने दाबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने साबण मागवला, पुन्हा दाबलं, बांगडी तडकली आणि माझ्या हातावर बारीक ओरखडा उठला. "ताई, तुमचं माप मोठं आहे. पावणेतीनच्या बघते."

"चोर हात आहे तिचा," आई खुर्चीतून म्हणाली. "मापाचा नाही दोष."

आणि तिने पट्टा सोडायला सुरुवात केली. चिकटपट्टी सुटल्याचा आवाज झाला. "आई, नको," मी म्हटलं. ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. ती खुर्चीतून उतरून माझ्यासमोर सतरंजीवर बसली. त्याला वेळ लागला. "त्या सव्वादोनच्या दे," ती बाईला म्हणाली. बाईने गुंडाळी दिली.

आईने माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीच केलं नाही. नुसता धरला. थोड्या वेळाने माझी बोटं सैल पडली. मग तिने अंगठ्याचं मूळ आपल्या तळहाताच्या उशीने आत ढकललं. स्वतःचा अंगठा तिने वापरलाच नाही, त्यात जोर नव्हता. तळहात, मनगट, शेवटी गुडघा टेकवून तिने माझा पंजा घडी केला, आणि पहिली बांगडी आत गेली. मला दुखलं नाही. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ आत दाबलेले होते. उजव्या हातात सात, डाव्या हातात सहा. एकही फुटली नाही. शेवटची गेली तेव्हा तिने माझे दोन्ही हात सोडले आणि आपला उजवा हात पदराखाली घेतला. मी वाकून नमस्कार केला. ती बाई आणि माझी मुलगी बघत होत्या.

लग्नात आईने अक्षता डाव्या हाताने टाकल्या. उजवा हात सुजून पुरीसारखा फुगला होता. पंधरा दिवस तिला घास उचलता येत नव्हता. मी तिला डोंबिवलीला ठेवून घेतलं आणि भरवलं, तिचे हुक लावले, वेणी घातली. इंजेक्शन आता द्यायचं का, असं डॉक्टरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, आता देऊ, पण दुखण्यापुरतंच. जोर परत येणार नाही. त्याने महिना-दोन महिने ठणका कमी झाला. साखर वाढली, आठ दिवसांनी उतरली. एवढंच होतं ते सगळं. एक फेरी आणि आठ दिवस.

मुलीने आठवड्याने बांगड्या काढून डब्यात ठेवल्या आणि ऑफिसला गेली. माझ्या निघत नाहीत. त्या बाहेर यायच्या तर आईसारखाच दुसरा कुणाचा तरी हात पाहिजे, किंवा फोडायला पाहिजेत. ऑगस्टमध्ये मी सांध्यांचा धडा घेतला तेव्हा फळ्यावर लिहिताना त्या वाजत होत्या आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. वेफर मी या वर्षी नेल्या नाहीत. पुस्तकातला फोटो फिरवला आणि म्हटलं, घरी गेलात की आईचा हात बघा. मुलींनी ते वहीत लिहून घेतलं, परीक्षेला येईल म्हणून.

बांगड्या आता आपोआप कमी होतायत. एक स्कूटरच्या आरशाला लागून गेली, एक कुकरच्या दांड्याला, दोन कशा गेल्या ते कळलंही नाही. गेल्या रविवारी मी कल्याणला गेले तर आईने माझे हात धरून मोजल्या. नऊ. "ओकेबोके दिसतात," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिने पलंगाखालून पेटी ओढायला लावली. सव्वादोनच्या चार हिरव्या काढल्या. माझा उजवा हात घेतला, नेहमीसारखा थोडा वेळ नुसता धरला, आणि मग अंगठ्याच्या मुळाशी दाबायला लागली.

तिचे ओठ आत गेले, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. ती सगळा जोर लावत होती. माझ्या हाताला काहीच कळत नव्हतं, कुणीतरी हात ठेवावा तेवढंच. अंगठा जागचा हलला नाही. तिने श्वास घेऊन पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. तिने वर माझ्याकडे बघितलं.

"आई, दुखतंय गं," मी म्हटलं.

तिने लगेच हात सोडला. "एवढं कुठे दाबलं मी," ती म्हणाली, आणि माझा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत बसली.